शृंगी घुबडाची पिल्ले : येरळेच्या खोऱ्यातील छायाचित्रण प्रकल्पाच्या नोंदी

८ डिसेंबर २०२४

प्रकल्पाची जागा आज पक्की झाली. सांगली जिल्ह्यातील सागरेश्वर अभयारण्याच्या डोंगररांगेपासून काही अंतरावर, येरळा नदीच्या खोऱ्यात उतरणाऱ्या एका ओढ्याची ही पूर्वाभिमुख दरड आहे. वर काळी माती, खाली मुरूम आणि दोहोंच्या सांध्यावर पावसाने कोरलेल्या लहानमोठ्या कपारी असे तिचे स्वरूप आहे. त्यांपैकी सर्वांत रुंद कपारीच्या कडेवरून जुन्या विष्ठेचे पांढरे ओघळ उतरलेले आहेत आणि पायथ्याशी केस व हाडे यांच्या वाळक्या गोळ्यांचा खच पडला आहे. शृंगी घुबड काटक्यांचे घरटे बांधत नाही. ते उघड्या मातीवरच अंडी घालते आणि मनासारखी कपार मिळाली की पुढच्या हंगामातही तिच्याकडेच परतते. त्यामुळे या खुणा आम्हाला पुरेशा वाटल्या. पायथ्याच्या थोड्या गोळ्या कागदी पाकिटात भरून घेतल्या, कारण अंडी घातल्यानंतर दरडीच्या त्या बाजूला पाऊल टाकायचे नाही असे ठरले आहे.

लपण, म्हणजे छायाचित्रकाराने लपून बसण्याचा आडोसा, समोरच्या काठावर, उसाच्या बांधालगत उभे केले. बांबूचा सांगाडा, त्यावर गोणपाट आणि वर उसाचे पाचट एवढीच त्याची रचना आहे. पक्षी अंड्यांवर बसण्याआधी ते उभे राहिले म्हणजे त्यांच्या लेखी ते शिवाराचाच भाग होते. मागाहून उभारले तर प्रत्येक बांबूगणिक मादी उठते. कपारीपासून लपणाचे अंतर ५५ मीटर भरले. ६०० मिलीमीटरच्या भिंगातून एवढ्या अंतरावर पूर्ण आकाराच्या सेन्सरवर चौकटीची रुंदी सुमारे सव्वातीन मीटर येते, म्हणजे अर्ध्या मीटरचा पक्षी चौकटीच्या सहाव्या हिश्शात मावेल. माझ्या सहकाऱ्याला हे अंतर फार वाटले. मला मात्र नैसर्गिक अधिवासातील छायाचित्र म्हणून जे म्हणायचे आहे ते याच चौकटीत दिसते : दरड, तिच्यातून लोंबणारी करंजाची मुळे, खालची घाणेरी आणि या सगळ्यात बसलेले पिल्लू. डोळ्यांपुरती चौकट हवी असेल तर ती कोणत्याही प्राणिसंग्रहालयात मिळते.

या नोंदींत गाव, ओढा किंवा गट क्रमांक कोठेही लिहिला जाणार नाही. जादूटोण्यासाठी घुबडे पकडणाऱ्यांना छायाचित्रासोबतचा पत्ता पुरतो, आणि हल्ली तो पत्ता फाइलमध्ये आपोआप नोंदला जातो. कॅमेरे व मोबाइल यांतील स्थाननोंद बंद केली. ज्यांच्या बांधावर आम्ही बसणार आहोत त्या तात्यांनी परवानगी देताना एकच गोष्ट बजावली : “घुबडाला दगड तेवढा मारू नका. ते दगड उचलून नदीत टाकतंय, आणि दगड झिजंल तसा मारणारा झिजतोय.” ही समजूत या भागात अजून जिवंत आहे आणि तिच्यामुळे आजवर या दरडीला संरक्षणच मिळाले आहे, तेव्हा तिचे खंडन करण्याची मला घाई वाटली नाही.

२२ डिसेंबर २०२४

मादी अंड्यांवर बसली असे समजण्यास आता हरकत नाही. पंधरवड्यापूर्वी तिन्हीसांजेला नर आणि मादी दोघेही दरडीच्या माथ्यावर येऊन आळीपाळीने घुमत असत. आता नर एकटाच कडुलिंबावरून ‘बूऽ-बूऽऽ’ असा खोल आवाज देतो, मादी कपारीतूनच क्षीण उत्तर देते, आणि अंधार पडल्यावर नर काहीतरी घेऊन कपारीकडे जातो. अंडी किती आहेत हे पाहण्यासाठी दरडीवर चढण्याचे कारण नाही. पिल्ले चालू लागली की ती आपणहून मोजता येतील.

वनरक्षकांना भेटून प्रकल्पाची लेखी माहिती दिली. जागा अभयारण्याच्या हद्दीबाहेर, खासगी जमिनीलगत आहे. हद्दीच्या आत छायाचित्रण करायचे असते तर वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या कलम २८ नुसार प्रवेशाचा परवाना लागला असता. परंतु हद्दीबाहेर सर्व मोकळे असते ही छायाचित्रकारांत पसरलेली समजूत चुकीची आहे. याच अधिनियमातील ‘शिकार’ या संज्ञेच्या व्याख्येत रानपक्ष्यांच्या अंड्यांना इजा करणे आणि अंडी किंवा घरटी विस्कळीत करणे याचाही समावेश होतो. बंदूक घेतलेला माणूस आणि चांगल्या कोनासाठी घरट्यापुढील फांदी तोडणारा माणूस यांच्यात कायद्याने फारसे अंतर ठेवलेले नाही, हे वाचल्यावर माझा सहकारी बराच वेळ काही बोलला नाही.

५ जानेवारी २०२५

आणलेल्या गोळ्या कोमट पाण्यात भिजवून तात्यांच्या पडवीत उलगडल्या. घुबड भक्ष्य गिळते आणि न पचलेले केस, हाडे व पिसे यांची गोळी करून तोंडावाटे टाकते, हे तात्यांना सांगितले तेव्हा त्यांनी चष्मा आणवला. बहुतेक गोळ्यांत उंदरांचे जबडे निघाले. पुढच्या दातांचा बाहेरचा भाग नारिंगी असल्याने ते चटकन ओळखता येतात. एका गोळीत चिचुंद्रीची लांबट कवटी होती, तिचे दात पांढरे आणि टोकदार. एकीत पक्ष्याच्या पोकळ हाडांचे तुकडे आणि पिसांचे देठ मिळाले. उसाचे बुडखे पोखरणाऱ्या उंदरांचा हा हिशेब समोर मांडल्यावर पुढची बोलणी सोपी झाली.

तात्यांचा खोडव्याचा ऊस फेब्रुवारीत तुटणार आहे. तोडणीनंतर पाचट पेटवण्याची इकडे पद्धत आहे आणि ओढ्याकाठच्या घाणेरीला ती आग हमखास लागते. काठालगतच्या पट्ट्यातील पाचट न जाळता त्याची कुट्टी करून सरीत दाबण्याचे तात्यांनी कबूल केले. उंदरांसाठी विषारी आमिष या हंगामात ठेवू नये, अशीही विनंती केली. विष खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही. तो सुस्तावून उघड्यावर येतो आणि घुबडाला सर्वांत आधी तोच सापडतो. त्यावर तात्यांनी शेजारच्या शेताकडे बोट दाखवून, आपले ठीक पण त्याचे काय, असे विचारले. शेजाऱ्यांशी बोलणे झाले, आश्वासन मात्र मिळाले नाही.

२६ जानेवारी २०२५

पहाटे साडेसहा ते साडेनऊ लपणात होतो. मादीने नराकडून घेतलेला उंदीर स्वतः न गिळता त्याचे तुकडे केले आणि मान खाली घालून ती बराच वेळ काहीतरी करत राहिली. किमान एक पिल्लू बाहेर आले असावे. छायाचित्र म्हणावे असे काही मिळाले नाही. मादीची पाठ आणि कपारीचा अंधार एवढेच आहे.

९ फेब्रुवारी २०२५

तीन पिल्ले आहेत. पहिले अंडे घातल्यापासूनच मादी उबवणीला बसते, त्यामुळे पिल्ले एकाच दिवशी न निघता काही दिवसांच्या अंतराने निघतात आणि त्यांच्या आकारांत चांगलाच फरक राहतो. थोरल्याची पांढरी लव जाऊन त्या जागी मातकट, आडव्या रेघांची लव आली आहे. धाकटे अजून पांढुरके आहे आणि बहुतेक वेळ मादीच्या पोटाखाली असते.

काळोख्या कपारीत पांढुरके पिल्लू ही कॅमेऱ्याच्या प्रकाशमोजणीच्या दृष्टीने अवघड जोडी आहे. कॅमेरा काळोख पाहून प्रकाश वाढवतो आणि पिल्लाची लव नुसता पांढरा डाग होऊन बसते. दोन तृतीयांश स्टॉप कमी केल्यावर लवेचे केस सुटे दिसू लागले. दरडीवर साधारण दहापर्यंत थेट ऊन असते, परंतु चांगली छायाचित्रे ऊन पोहोचण्याआधीच्या वेळेतच मिळतात, कारण मादी तेव्हा सरकून बसते आणि पिल्ले डोके वर काढतात. तेव्हाच्या प्रकाशात आयएसओ (सेन्सरची प्रकाशसंवेदनशीलता) ६४०० आणि शटर एक साठांश सेकंद ठेवावे लागले. तिपाई जड असल्याने आणि पिल्ले बराच वेळ स्तब्ध राहत असल्याने हा वेग चालून गेला. शटर पूर्णपणे मूक ठेवले आहे. फ्लॅश पिशवीतही ठेवायचा नाही, असा नियम आहे.

सकाळी आठच्या सुमारास आटपाडीकडील एका मेंढपाळाचा तळ ओढ्यातून पुढे गेला. त्यांचा कुत्रा वास घेत दरडीच्या पायथ्याशी येताच मादी कपारीतून सरळ जमिनीवर उतरली आणि एक पंख लोंबता ठेवून, धडपडत, जायबंदी झाल्याप्रमाणे ओढ्याच्या पात्रातून दूर जाऊ लागली. कुत्रा तिच्या मागे गेला. करंजाच्या वळणापलीकडे पोहोचल्यावर ती अलगद उडाली. हे सोंग वाचनातून ठाऊक होते, पण त्यातील बारकावा आज लक्षात आला : ती मधूनमधून थांबून कुत्रा मागे येतो आहे की नाही हे पाहत होती. परतताना मात्र कावळ्यांनी तिला गाठले आणि कोतवाल पक्ष्याने तर डोक्यावर झेप घेतली. दिवसाउजेडी मादीला उठवण्याची किंमत ही अशी असते. तेवढा वेळ पिल्ले उन्हात आणि उघडी राहतात आणि कावळ्यांना कपारीचा पत्ता लागतो.

१६ फेब्रुवारी २०२५

धाकटे पिल्लू दिसले नाही. सकाळ आणि संध्याकाळ दोन्ही वेळा पाहिले. सहकाऱ्याने दरडीच्या माथ्यावरून मोबाइल दोरीने खाली सोडून कपार पाहण्याचा विचार मांडला, तो मी नाकारला. भक्ष्य कमी पडले की धाकट्याला वाटा मिळत नाही, हे घुबडांत नेहमीचे आहे. ते पाहून आम्ही काही करू शकणार नव्हतो आणि उरलेल्या दोघांना मात्र त्रास झाला असता. उरलेली दोन्ही पिल्ले ठणठणीत आहेत. थोरले एका जागी उभे राहून पंख पसरते, दोन-तीनदा फडफडवते आणि दमून पोटावर बसते.

२७ फेब्रुवारी २०२५

आजची नोंद लांबणार आहे.

काल महाशिवरात्र असल्याने देवराष्ट्र्याजवळच्या सागरेश्वराच्या देवळांकडे जाणाऱ्यांची वर्दळ होती, म्हणून आम्ही लपणाकडे फिरकलो नव्हतो. आज दुपारी चार वाजता तात्यांचा फोन आला. ऊसतोड टोळीच्या मुलांना ओढ्यात घुबडाचे पिल्लू सापडले होते आणि त्यांनी ते पाटीत घालून खोपीवर आणले होते. पोहोचलो तेव्हा पाटीभोवती टोळीतील माणसे, शेजारचे शेतकरी आणि रस्त्याने जाणारे असे पंचवीसेक लोक जमले होते. पिल्लाने डोके खाली घातले होते आणि दोन्ही पंख पुढे वळवून सूप उभे धरावे तसे अंगाभोवती उभारले होते. पिसे फुलवलेली, डोळे नारिंगी आणि ताठ, मधूनच फुत्कार आणि चोचीचा टकटक आवाज. जमलेल्यांपैकी निम्म्या लोकांचे मोबाइल त्याच्यापासून हातभर अंतरावर होते. पिल्लू जितके घाबरत होते तितके ते मोठे आणि देखणे दिसत होते, आणि जितके देखणे दिसत होते तितके मोबाइल पुढे येत होते.

पाटीवर ओले पोते टाकले. काळोख झाल्यावर पिल्लू मिनिटभरात शांत झाले. आणणारी मुलगी दहा-अकरा वर्षांची होती आणि तिच्या बोलण्यात काही गैर नव्हते : “खाली पडलं होतं, काका. कुत्र्यानं खाल्लं असतं.” तिला सांगितले की ते पडले नव्हते. शृंगी घुबडाची पिल्ले उडता येण्याच्या बऱ्याच आधी, महिना-सव्वा महिन्याची झाली की पायी कपार सोडतात, दरडीवरून घसरत खाली उतरतात आणि झुडपांच्या मुळाशी दडून बसतात. आईबाप त्यांना हुडकून तेथेच भरवतात. जमिनीवर दिसलेले पिल्लू बहुधा अनाथ नसते, त्याचे घर तेवढे मोठे झालेले असते. मुकादमाला शंका होती की माणसाचा हात लागल्यावर आई त्याला जवळ करणार नाही. ही समजूत सर्वत्र आहे, पण पक्षी मुख्यतः आवाजावरून आणि नजरेने पिल्लू ओळखतात. माणसाच्या वासामुळे ते पिल्लू टाकत नाहीत.

वनरक्षक साडेपाचला आले. पिल्लाच्या पंखांना किंवा पायांना इजा नव्हती. ते कपारीत चढवण्याचा आग्रह दोघातिघांनी धरला, परंतु जे पिल्लू स्वतःहून उतरले आहे ते पुन्हा उतरणारच, आणि आम्ही दरडीवर चढलो तर दुसरेही घाबरून उडी टाकेल. म्हणून मुलीने दाखवलेल्या जागेजवळच, घाणेरीच्या दाट बुंध्यात त्याला सोडले. सर्वांना बांधापलीकडे नेले. दुसऱ्या पिल्लाची भुकेची ‘श्शूऽ’ अशी लांबट साद सव्वासातला सुरू झाली आणि तिला घाणेरीतून उत्तर मिळाले. त्यानंतर थोड्याच वेळाने मादी घाणेरीच्या टोकावर उतरली. तिच्या पायात काय होते ते अंधारात दिसले नाही, साद मात्र थांबली. ती मुलगी आणि तिचा धाकटा भाऊ तोपर्यंत तात्यांच्या मागे बसून होते. छायाचित्र एकही काढले नाही.

२ मार्च २०२५

पाटीतील पिल्लाचे छायाचित्र व्हॉट्सॲपवर पसरले आहे. मला ते निरनिराळ्या गटांतून आले; एका ठिकाणी त्याखाली ‘शिकारीच्या पवित्र्यात’ असे लिहिले होते. आपल्या मालिकेत अशा पवित्र्याचे एक तरी छायाचित्र हवे, असे सहकाऱ्याचे म्हणणे आहे, आणि त्याच्या म्हणण्याला आधार आहे, कारण वर्तनाची नोंद म्हणून त्याचे मोल नाकारता येत नाही.

तरीही ते घ्यायचे नाही असा निर्णय झाला. पंख उभारलेले पिल्लू हे पळता न येणारे आणि कोंडीत सापडलेले पिल्लू असते. कुत्रा किंवा मुंगूस आल्यावर ते आमच्या डोळ्यांदेखत असे उभे राहिले आणि आम्ही ५५ मीटरवर असलो, तर ती नोंद ठरेल. इतर बहुतेक वेळी तो पवित्रा छायाचित्रकारानेच घडवलेला असतो. स्पर्धांमधून ज्या छायाचित्रांना वाहवा मिळते त्यांतील पुष्कळ पिल्ले भिंगाकडे रोखून पाहत, पिसे फुलवून, अशीच उभी असतात; ती पाहताना छायाचित्रकार कोठे उभा होता हा प्रश्न मला आता टाळता येत नाही. आमच्या निवडीसाठी एक साधी कसोटी ठरवली : पिल्लाचे लक्ष आमच्याकडे असेल ती चौकट बाद. ही कसोटी लावल्यावर आतापर्यंतच्या छायाचित्रांतील तीक्ष्णतेने सर्वांत सरस अशी काही बाजूला पडली. सहकारी नाराज आहे.

१६ मार्च २०२५

होळीची लाकडे गोळा करणारी मुले ओढ्याच्या खालच्या अंगाला गेली, दरडीपर्यंत आली नाहीत. ऊन वाढले आहे. साडेनऊनंतर तापलेल्या पात्रावरून हवा लहरू लागते आणि एवढ्या अंतरावरून कितीही स्थिर तिपाई असली तरी पिसांचे काठ विरघळतात. जवळ जाऊन हा दोष काढता येईल, पण तो काढायचा नाही. सकाळचे काम नऊला थांबवतो. पिल्ले दिवसभर करंजाच्या सावलीत चोच अर्धवट उघडी ठेवून घसा फडफडवत बसतात. घामाच्या ग्रंथी नसल्याने पक्ष्यांना उष्णता बाहेर टाकण्याचा हा मार्ग आहे. त्याचे एक चलचित्र मिळाले.

कानांजवळचे तुरे उगवू लागले आहेत. थोरल्याच्या डोक्यावर दोन आखूड बोटे दिसतात, मधल्याला (उरलेल्या दोघांत आता तेच धाकटे) अजून नाहीत. आता दोघांना ओळखण्याची ती सोपी खूण आहे.

एका छायाचित्रकाराने दूरध्वनी करून जागा विचारली आणि घुबडाचा आवाज स्पीकरवर लावून नर समोर आणण्याची तयारी दाखवली. विणीच्या काळात असा आवाज म्हणजे नराच्या लेखी परका नर हद्दीत शिरल्याची वर्दी असते. तो शिकार सोडून त्याच्यामागे फिरत राहतो आणि त्या रात्री पिल्लांचा वाटा घटतो. जागा सांगितली नाही.

३० मार्च २०२५

गुढीपाडवा. धाकटे पिल्लू आज दरडीवरून कडुलिंबावर उडाले. थोरल्याने आठवडाभर आधीच हे केले होते, पण तेव्हा आम्ही नव्हतो. उड्डाण अंदाजे वीस मीटरचे, उतरणे अत्यंत बेढब : फांदी चुकली, खालची फांदी छातीला लागली, आणि शेवटी चोच व पंख यांच्या आधाराने ते वर चढले. पाच चौकटींचा हा क्रम मालिकेचा कणा होईल असे वाटते. पाचही चौकटींत कडुलिंबाची नवी तांबूस पालवी आहे.

१३ एप्रिल २०२५

ओढ्याच्या वरच्या अंगाला मुरूम काढण्यासाठी जेसीबी आला होता. दरड त्याच्या वाटेत होती. तात्या, वनरक्षक आणि आम्ही मिळून संबंधितांना भेटलो. वाद झाला, पण तात्यांनी आपल्या बांधावरून वाहने जाऊ देणार नाही असे सांगितल्यावर काम दुसऱ्या वळणावर नेले गेले. आमच्या कागदांपेक्षा तात्यांच्या बांधाचा उपयोग अधिक झाला, हे नोंदवणे आवश्यक आहे.

पिल्ले चांगली उडतात, परंतु शिकार अजून आईबापच आणतात. शृंगी घुबडाची पिल्ले जवळजवळ सहा महिने आईबापांवर अवलंबून राहतात, त्यामुळे उडाले म्हणजे काम संपले असे समजून लपण मोडायचे नाही.

११ मे २०२५

अंतिम निवड झाली : चोवीस छायाचित्रे. ती जिल्हा परिषदेच्या शाळेच्या व्हरांड्यात मोठ्या आकारात लागतील. पुरंदर तालुक्यातील पिंगोरी येथे २०१८ मध्ये इला फाउंडेशनने घुबडांवरील महोत्सव भरवला तेव्हा शाळकरी मुलांनी काढलेली घुबडाची चित्रे हा त्याचा मोठा भाग होता; आमच्या शाळेनेही छायाचित्रांखाली मुलांची चित्रे लावण्याची जागा सोडली आहे. ज्या चौकटीत पिल्लू शोधावे लागते अशा सहा चौकटी मी आग्रहाने ठेवल्या. मुख्याध्यापिकाबाईंनी त्यांखाली ‘पिल्लू कोठे आहे?’ एवढेच लिहावे असे सुचवले, ते मान्य केले.

सत्तावीस फेब्रुवारीच्या प्रसंगावर छायाचित्र नाही, केवळ मजकूर आहे : जमिनीवर पिल्लू दिसल्यास उचलू नये, कुत्री दूर ठेवावीत, जखमी असेल तरच झाकून वनविभागाला कळवावे, वन विभागाचा मदत क्रमांक १९२६. प्रत्येक मुद्रणप्रतीच्या फाइलमधील स्थाननोंद पुन्हा तपासली.

२५ मे २०२५

चार-पाच दिवस वळवाच्या सरी न थांबता कोसळत आहेत आणि ओढ्याला पाणी आले आहे. लपणाचे गोणपाट कुजल्याने ते उतरवले. बांबू तात्यांच्या गोठ्यात ठेवले. पुढच्या हंगामासाठी दोन बदल ठरले आहेत. लपण आठ मीटर उत्तरेला सरकवायचे, म्हणजे कडुलिंबाची उतरण्याची फांदी मोकळी दिसेल आणि अंतर तेवढेच राहील. आणि त्याचे दार मागून उसाच्या सरीत उघडायचे, म्हणजे ये-जा करताना दरडीवरून माणूस दिसणार नाही. उभारणी दिवाळी झाल्यावर लगेच, नर घुमू लागण्यापूर्वी पूर्ण करायची आहे. काठालगत या वर्षी उसाऐवजी भुईमूग करण्याचा तात्यांचा विचार असल्याने आडोशासाठी ज्वारीच्या चार ओळी पेरायला त्यांना सांगितले आहे, आणि बियाणे आम्ही देणार आहोत.